मातीचा तास

इंदूरच्या कृषी महाविद्यालयावरून नित्य जाणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की येथील भूमीने जगाला खत करण्याची एक रीत दिली? १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड येथील संशोधन संस्थेचे संचालक होते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओलावा राखावयाचा, तीनदा वरखाली करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. हीच ती 'इंदूर पद्धत'. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या तत्संबंधीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव आहे.

हा वारसा सांगताना आमचा एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. आमच्या शासकीय शाळेत पुष्कळ वर्षे आवारातील गवत काढणे ही शिक्षा होती. गृहपाठ चुकला की आम्ही मुलाच्या हाती खुरपे देत असू. एकदा सहावीतील एका मुलास वडिलांचा व्यवसाय विचारला. मान खाली घालून तो म्हणाला, "कुछ नहीं सर, खेती करते हैं।" ते 'कुछ नहीं' आमच्या जिव्हारी लागले. हे त्याला कोणी शिकविले, याचा शोध घेण्यास फार दूर जावे लागले नाही.

पुढील जानेवारीत आम्ही तो वर्ग त्याच्याच शेतावर नेला. वडील प्रथम संकोचले. मग त्यांनी हरभऱ्याचे एक रोप अलगद उपटून मुळांवरील गाठी दाखविल्या. हरभऱ्यानंतर गहू चांगला येतो, हे त्यांना पिढीजात अनुभवाने ठाऊक होते. त्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून ठेवतात, हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. पुस्तक आणि अनुभव यांची गाठ त्या बांधावर पडली. परतताना तेच रोप हाती धरून तो मुलगा सर्वांच्या पुढे चालत होता.

त्यानंतर शाळेमागे वाफे झाले. इंदूर पद्धतीचा लहानसा खड्डाही झाला. पहिल्या वर्षीची मेथी शेळ्यांनी फस्त केली. मुलांनी काटेरी कुंपण घालून पुन्हा बी पेरले. "मुलांना माळी करावयाचे आहे काय?" असे एका पालकांनी रागाने विचारले. आम्ही त्यांना मध्यान्ह भोजनास बोलाविले. त्यांच्या कन्येने स्वतः खुडलेला पालक त्या दिवशी डाळीत होता. घरी पालेभाजीला हात न लावणारी मुलगी दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी पाहिली, आणि तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

२०१९ साली केंद्र शासनाने शाळांतील पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे योग्यच झाले. परंतु केवळ परिपत्रकाने मुलांच्या मनातील मातीची लाज जात नाही. ती घरांतून आणि वर्गांतूनच घालवावी लागते.

वाचकांस आमची विनंती एवढीच, की गच्चीत एक कुंडी मुलाच्या स्वाधीन करावी. वर्षातून एकदा त्याला ओळखीच्या शेतावर न्यावे, आणि तेथील शेतकऱ्याला नमस्कार करावयास सांगावे. आमच्या शाळेत खुरपे आता शिक्षा म्हणून कोणालाच मिळत नाही. ते हाती येण्यासाठी मुलांना पाळी लावावी लागते.