नवजाताचे वजन आणि गर्भवय

जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरणारे अर्भक कमी वजनाचे गणले जाते. मात्र या एकाच आकड्यावर विसंबल्यास फसगत होते. २,२०० ग्रॅमचे बाळ चौतिसाव्या आठवड्यात जन्मले, तर ते अपुऱ्या दिवसांचे खरे. पण त्याची वाढ वयाला साजेशीच असते. तेच वजन चाळिसाव्या आठवड्यात भरल्यास, गर्भातच वाढ खुंटल्याची शंका घ्यावी व रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे.

गर्भवयानुसार वजनाचा एक प्रसिद्ध तक्ता १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे तयार झाला. ते शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले. अशा उंचीवर बाळे काहीशी लहानच जन्मतात. मग आपल्या प्रदेशाचा तक्ता का नसावा? परंतु जेथे अनेक माता रक्तक्षयाने ग्रस्त, तेथील सरासरी ही उणिवेचीच सरासरी होय. म्हणून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकांसाठी आठ देशांतील निरोगी, सुपोषित मातांची बाळे निवडण्यात आली. त्यांत नागपूरची बाळेही होती. त्या तक्त्यात शंभरांतील सर्वांत हलक्या दहांत मोडणारे अर्भक विशेष देखरेखीस पात्र ठरते.

शेवटच्या पाळीची तारीख ठाऊक नसल्यास मात्र कोणताही तक्ता वापरणे अवघड जाते. ती सण, तिथी वा बाजाराच्या दिवसावरून आठवावी आणि दिवस राहताच आरोग्यसेविकेकडे नोंदवावी.