गळणारा शॉकअप आणि न पाहिलेला कंट्रोल

गेल्या वर्षी सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत पुढे गेली. समोर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबली. खाली वाकून पाहिलं तर उजव्या शॉकअपमधून तेल ओघळत डिस्कवर आलेलं. वाईट वाटलं ते याचं, की हे सील मी सहा महिन्यांत दोनदा बदललं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण बाइकवरूनच लॅबला येणार, म्हणून आज हा विषय. शिवाय यात रिसर्चचा एक धडाही आहे, तो शेवटी सांगतो.

आधी रचना समजून घ्या. पुढच्या प्रत्येक शॉकअपमध्ये हार्ड क्रोम केलेला गुळगुळीत पाइप असतो, तो खालच्या जाड नळीत वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते आणि तिचं उड्या मारणं तेल आवरतं, कारण त्याला बारीक भोकांतून जावं लागतं. नळीच्या तोंडाशी रबरी ऑइल सील आणि त्याच्यावर धूळ अडवणारं डस्ट सील बसवलेलं असतं.

आता गंमत. ऑइल सील पाइप पूर्ण कोरडा पुसत नाही, आणि तसा पुसायलाही नको. पाइप बाहेर येताना त्याच्यावर तेलाचा अगदी पातळ थर येतो, साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज करा. हा थर नसेल तर रबर कोरडं घासून लवकर झिजेल.

मग गळत का नाही? सीलच्या ओठाचा तेलाकडचा उतार तीव्र ठेवतात आणि हवेकडचा सौम्य. तेलाकडे दाब एकदम चढतो, त्यामुळे बाहेर जाणारा थर पातळ राहतो. पाइप आत जाताना दाब हळूहळू चढतो, त्यामुळे बाहेर आलेलं तेल सहज आत ओढलं जातं. थोडक्यात, गळती म्हणजे ‘बाहेर गेलेलं वजा आत आलेलं’. ही वजाबाकी शून्याच्या वर गेली की तेल साठतं आणि ओघळतं.

ती बिघडते कशाने? ओठाखाली वाळूचा कण अडकला, रबर जुनं होऊन कडक झालं, पाइप वाकला, तेल जास्त भरलं (मग आत हवेला जागा कमी राहते आणि दाबल्यावर प्रेशर फार वाढतं), किंवा पाइपवर गंजाचा खड्डा पडला. खड्डा दर फेरीत चिमूटभर तेल बाहेर आणतो आणि त्याची कड नवं सीलसुद्धा कापते.

आता माझी चूक. दोन्ही वेळा मी दोन्ही बाजूंची सीलं एकदम बदलली होती. गळत होती फक्त उजवी बाजू. तेल तेच, रस्ते तेच, सीलं एकाच पाकिटातली. म्हणजे डावी बाजू हा माझा आयता कंट्रोल होता आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नाही! दोष सीलच्या दर्जात किंवा तेलात असता, तर डावीकडेही गळायला हवं होतं. तिसऱ्या वेळी उजव्या पाइपवरून नख फिरवलं, आणि एका जागी ते अडकलं. टाचणीच्या डोक्याएवढा गंजाचा खड्डा. पार्किंगमध्ये गाडीची उजवी बाजू दोन पावसाळे पत्र्याबाहेर भिजत होती.

तुम्ही एवढं करा:

१. दर आठवड्याला ओल्या मऊ कापडाने पाइप पुसा, विशेषतः पावसात. चिखल वाळू देऊ नका. सर्व्हिसिंगला पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू देऊ नका.

२. पाइपवर तेलाचं पुसट कडं दिसलं तर पुसून दोन दिवस पाहा. थेंब जमले तर गळती आहे.

३. लगेच सील बदलू नका. डस्ट सील हळूच वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत पट्टी ऑइल सीलच्या ओठाखालून फिरवा. अडकलेला कण निघाला तर काम तिथेच संपतं.

४. पाइप जेवढा सरकतो तेवढ्या भागावर नख फिरवा. किरकोळ कड असेल तर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, हलक्या हाताने घासा. खोल खड्डा असेल तर पाइप बदला किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या.

५. सील बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचं बदला, तेल मॅन्युअलमधल्या मापानेच भरा. नवं सील चढवताना पाइपच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे ओठ चिरत नाही.

६. ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर पॅड बदला. पुसून भागत नाही.

मी शेवटी स्टायपेंडमधून नवा पाइप घेतला. आता तिसरा पावसाळा चालू आहे, पाइप कोरडा आहे.

आणि धडा हा: प्रयोग फसला की तोच पुन्हा करायची घाई होते. त्याआधी विचारा, याच परिस्थितीत कुठे काही बिघडलेलं *नाही*, आणि तिथे काय वेगळं आहे? उत्तर बहुतेक वेळा शेजारीच उभं असतं.