आपण आणि आम्ही

दिल्लीतील एका मराठी घरात दिवेलागणीची वेळ झालेली असते. गावाहून आलेल्या आजीला चार-साडेचार वर्षांचा नातू विचारतो, ‘आजी, आम्ही कधी जेवणार?’ आजी सहज उत्तरते, ‘तुम्ही बसा रे पुढे, मी मागाहून बसेन.’ नातवाचा चेहरा पडतो. त्याला आजीच्याच पानाशेजारी बसायचे असते, आणि तेच तर त्याने विचारलेले असते. चूक दोघांचीही नसते. नातवाच्या मराठीतून ‘आपण’ हा शब्द निसटू लागलेला असतो, एवढेच.

ऐकणाऱ्याला आपल्यात धरायचे असले की मराठी माणूस ‘आपण’ म्हणतो, त्याला बाहेर ठेवायचे असले की ‘आम्ही’ म्हणतो. हिंदीचे ‘हम’ आणि बंगालीचे ‘आमरा’ हा भेद करीत नाहीत. गुजरातीत मात्र ‘आपणे’ आणि ‘अमे’ असे दोन शब्द आहेत, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ आहेत, तमिळमध्येही अशीच जोडी आहे. म्हणून बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी मुलाला हा भेद अंगणातही भेटतो. दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या मुलाला तो केवळ घरातच भेटू शकतो. (इंदूर-भोपाळकडच्या बोलीतील ‘अपन’ने तिकडच्या मुलांची थोडी सोय केली आहे, हे मान्य केले पाहिजे.)

‘ळ’चीही गत अशीच. हिंदी प्रदेशातील मुलाला देवनागरी शाळेतच येते, तेव्हा मराठी वाचायला त्याला फारसे शिकावे लागत नाही. परंतु ‘ळ’ त्याच्या कानावर शाळेत पडत नाही. मग ‘शाळा’ची ‘शाला’ होते, आणि ‘बाळ’ म्हणावे तर त्याचे ‘बाल’, म्हणजे डोक्यावरचे केस, होतात. चिऊ-काऊची गोष्ट या घरांतून सांगितली जाते तेव्हा तर मोठीच पंचाईत होते. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे. सारी गोष्ट या दोन यमकांवर उभी. मुलाला शेण ठाऊक नसते, त्याला ‘गोबर’ ठाऊक असते. मेणही ठाऊक नसते, ‘मोम’ ठाऊक असते. अर्थ समजावून सांगता येतो, पण समजावून सांगितलेल्या गोष्टीला मूल हसत नाही.

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते, आणि त्यांपैकी पन्नास लाखांहून अधिक महाराष्ट्राबाहेरचे होते. यांतील पुष्कळजण सीमेवरच्या जिल्ह्यांत, मराठीच्याच शेजारात राहणारे. उरलेल्यांच्या घरी मात्र मूल बोलू लागले की एक प्रश्न उभा राहतो: याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे?

हा प्रश्न बहुधा भीतीपोटी येतो. दोन-तीन भाषांच्या गर्दीत मूल गोंधळेल, उशिरा बोलेल, शाळेत मागे पडेल, अशी ती भीती. एके काळी विद्वानांचेही मत असेच होते. १९६२ साली कॅनडातील माँट्रियल शहरात पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या मुलांची एकभाषी मुलांशी तुलना केली, तेव्हा दोन भाषांची मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे नव्हती, उलट सरस ठरली. पुढच्या अभ्यासांत हे सरसपण तितकेसे ठाम राहिले नाही. पण दोन भाषांनी बुद्धीला अपाय होतो, ही समजूत तेव्हापासून मागे पडली. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणारे मूल गोंधळलेले नसते. हाताशी जो शब्द असतो तो ते वापरते. त्याने ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हटले तर घाबरण्याऐवजी कौतुक करावे. ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून त्याने आपल्या बुद्धीने व्याकरणाचा नियम काढलेला असतो. अपवाद तेवढा त्याला अजून भेटलेला नसतो.

खरा धोका निराळा आहे. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात, जेथे डच भाषा चालते, तेथे घरात दुसरीही भाषा बोलणाऱ्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी ॲनिक दे हौवर या विदुषींनी २००७ साली प्रसिद्ध केली. डच जवळजवळ सर्वच मुलांना येत होती. घरची भाषा मात्र सुमारे चौथाई कुटुंबांत मुलांच्या तोंडी उतरली नव्हती. आईबाप दोघेही घरात ती बोलत होते, तेथे ती बहुधा टिकली होती. शेजारची भाषा मुलाला मिळावी म्हणून आईबापांनी धडपड करण्याचे कारण नाही. ती खेळातून आणि शाळेतून येणारच. घरची भाषा मात्र घराखेरीज दुसरे कोणी देत नाही.

तंजावरचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर मराठी तिकडे गेली. १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरला गेला. १८५५ साली राज्य संपले, दरबार गेला, दफ्तरे बंद झाली. तरीही तमिळनाडूतील कित्येक घरांत आज मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द आहेत, तिचे वळण पुणेकराला चमत्कारिक वाटेल. पण स्वयंपाकघरात ती मुलांशी बोलली गेली म्हणून राहिली. शिलालेख काही कोणाला जेवायला हाक मारीत नाही.

सरकारने याकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे असे नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचा १९५६ साली जोडलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो. २०२० चे शैक्षणिक धोरणही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी म्हणते. परंतु ज्या शाळेत हजार मुलांत पाच मराठी, तेथे ‘शक्य तेथे’ या शब्दांतच सारे संपते.

तेव्हा भार घरावर येतो आणि घरात तो पुष्कळदा वडिलांच्या रागाच्या रूपाने प्रकट होतो. दिवसभर कचेरीत दुसऱ्याच भाषेत बोललेला बाप जेवताना एकाएकी ‘मराठीत बोल’ म्हणून दरडावतो. अशाने मुलाच्या मनात मराठी ही दटावण्याची भाषा होऊन बसते. लाड, गंमत आणि मैत्री दुसऱ्या भाषेकडे जातात. शुद्धतेचा हट्टही असाच घात करतो. ‘मला जाणं आहे’ असे मूल म्हणाले की त्याला थांबवून धडा देण्यापेक्षा ‘कुठे जायचंय तुला?’ असे विचारावे. दुरुस्ती होते आणि बोलणेही पुढे सरकते. आई परभाषिक असेल तर तिने मोडके मराठी बोललेच पाहिजे असे नाही. तिची भाषाही मुलाचीच आहे. बापाने मात्र आपल्या वाटणीचे बोलावे, आणि याच ठिकाणी बाप बहुधा कमी पडतात. धाकट्याची कथा आणखी निराळी. थोरला शाळेत जाऊ लागला की शाळेची भाषा घरी आणतो आणि धाकट्याशी तीच बोलतो, त्यामुळे एकाच घरात थोरल्याची मराठी बरी आणि धाकट्याची पांगळी असे दिसते.

मे महिन्यात हीच मुले वर्ध्याला किंवा साताऱ्याला जातात, चुलत-मामे भावंडांत मिसळतात आणि थोड्याच दिवसांत भांडायलासुद्धा मराठीत लागतात. सुटी संपून शाळा सुरू झाल्या की ते सारे हळूहळू ओसरते. अलीकडे काही आज्यांनी यावर उपाय काढला आहे. दर रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर आजी गोष्ट सांगते, पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येतो आणि आजी तेथेच थांबते. पुढे काय झाले हे नातवाने मराठीत विचारल्याखेरीज चिऊ काही दार उघडत नाही.