कणांचा माग

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पैठणला पैठणी विणताना पाहिली आहे ना? कोणता उभा धागा आणि कोणता आडवा, एवढे सांगितले की वस्त्रावरचा नेमका बिंदू सापडतो. अणूहूनही सूक्ष्म कणांचा माग असाच काढतात.

सिलिकॉनच्या पातळ चकतीतून विद्युतभारित कण गेला, की वाटेतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. 0.3 मिलिमीटर जाडीत ते सुमारे 22 हजार असतात. चकतीला विद्युतदाब दिलेला असल्याने मोकळा झालेला विद्युतभार जवळच्या पट्टीकडे ओढला जातो आणि कण कोठून गेला ते कळते.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 32 पट्ट्यांचे असे संवेदक विकसित केले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेले सुमारे 1000 संवेदक जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाला पुरवले गेले. तेथे एका थरातील पट्ट्या उभ्या, तर दुसऱ्यातील आडव्या असतात.

पण एकाच क्षणी दोन कण आले तर? दोन उभ्या व दोन आडव्या पट्ट्या चार ठिकाणी छेदतात. त्यांपैकी खरी ठिकाणे दोनच! टकरीच्या अगदी जवळ तर कणांची गर्दीच असते. काही कण जन्मल्यावर काही मिलिमीटर जातात न जातात तोच फुटतात. ते कोठे फुटले, हे उरलेल्या कणांच्या मागावरूनच ठरवावे लागते. ठिकाण चुकले, की शोध हुकला!

म्हणून तेथे पट्ट्यांऐवजी सूक्ष्म चौकटी, म्हणजे पिक्सेल वापरतात. प्रत्येक चौकट आपला संकेत स्वतंत्रपणे देते. सीएमएसमध्ये 2017 साली बसवलेल्या यंत्रणेत अशा 12 कोटी 40 लाख चौकटी होत्या.

आता सांगा, वेगवेगळ्या पट्ट्यांवर तीन कण आले, तर खोटी ठिकाणे किती? वहीत रेघा आखून पाहा.