लिपस्टिकमधलं शिसं: किती आणि कुठून

हातावर लिपस्टिकचा पट्टा ओढा, त्यावर सोन्याची अंगठी घासा. पट्टा काळा पडला तर आत शिसं आहे असं समजा. हा मजकूर 2003 पासून आधी ईमेलमधून आणि मग मोबाइलवरून फिरतो आहे. ही परीक्षा निकामी आहे. मऊ धातू घासला गेला की त्याचीच काळपट रेघ उमटते, शिसं असो वा नसो. मात्र तिच्यामागची शंका अगदीच बिनबुडाची नाही.

आधी कांडीत काय असतं ते पाहू. तिचा मोठा हिस्सा तेलांचा आणि मेणांचा. तेलांत जुनं आणि भरवशाचं एरंडेल: दाट, चकचकीत, आणि जगाला ते मुख्यतः आपलं गुजरातच पुरवतं. मधमाश्यांचं मेण कांडीला बांधून ठेवतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडलेलं कार्नौबा मेण 80 अंशांच्या वर वितळतं, म्हणून मुंबईच्या मे महिन्यातही पर्समधली कांडी सहसा उभी राहते.

रंग वजनाने थोडा, पण खरी भानगड तिथेच. कार्माइन हा लाल रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनिअल किड्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून काढतात. एक पौंड रंगद्रव्याला सुमारे 70 हजार किडे लागतात, असा जुना हिशेब आहे. मेक्सिकोतून येणाऱ्या या रंगावर स्पेनने शतकानुशतकं पैसा केला. आज त्यात पेरू आघाडीवर आहे. ईस्ट इंडिया कंपनीलाही मोह झाला होता. 1795 मध्ये ब्राझीलहून किडे भारतात आले, पण ते भलत्याच जातीचे निघाले. रंग सुमार मिळाला आणि किड्यांनी एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. शाकाहारी घरांत अंडं चालतं का यावर वाद रंगतात. ओठांवरच्या किड्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. काहींना कार्माइनची ॲलर्जी असते, क्वचित ती तीव्रही असते.

उरलेले रंग बहुतेक कृत्रिम किंवा खनिज. दीर्घकाळ टिकणारी लिपस्टिक अमेरिकेत 1950 च्या सुमारास हेझल बिशप या रसायनतज्ज्ञ बाईंनी बाजारात आणली. ओठांची त्वचाच रंगवणारी ईओसिनच्या कुळातली द्रव्यं अशा लिपस्टिकमध्ये वापरली जात, आणि ओठ सुजण्याच्या, सोलवटण्याच्या तक्रारींमागे त्या काळी तीच असत. लोहाचे ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि चमक देणारा अभ्रक ही खनिजं. झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रकाच्या चकत्या लहान मुलं वेचतात. त्याने लावणारीच्या ओठांना काही होत नाही. सुरक्षिततेच्या चर्चेत ही मुलं म्हणूनच येत नसावीत.

शिसं शिरतं ते या खनिजांतून आणि रंगांतून. कुणी ते मुद्दाम घालत नाही, मातीतून आलेली ती अशुद्धी असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 400 लिपस्टिक तपासल्या आणि 2012 मध्ये आकडे जाहीर केले: ग्रॅममागे सरासरी 1.11 मायक्रोग्रॅम शिसं, सर्वाधिक 7.19. नंतर त्यांनी ग्रॅममागे 10 ही कमाल पातळी सुचवली, सक्ती न करता. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत रंग म्हणून शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे, आणि कृत्रिम व नैसर्गिक सेंद्रिय रंगांत शिशाची मर्यादा ग्रॅममागे 20 मायक्रोग्रॅम. ही मर्यादा रंगाची, अख्ख्या कांडीची नव्हे. त्यामुळे 10 आणि 20 समोरासमोर ठेवून आपला कायदा दुप्पट ढिला म्हणणं चुकीचं.

आता पोटात किती जातं? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 च्या अभ्यासात रोजचा सरासरी वापर 24 मिलिग्रॅम धरला, भरपूर लावणाऱ्यांचा 87. सर्वाधिक शिशाची कांडी भरपूर लावून सगळी गिळली तरी दिवसाला 0.63 मायक्रोग्रॅम होतात. प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांसाठी त्याच प्रशासनाची आहारातल्या शिशाची संदर्भपातळी दिवसाला 8.8 आहे. शिसं अंगात साठतं आणि त्याची निर्धोक पातळी माहीत नाही, म्हणून 0.63 म्हणजे शून्य असं मी म्हणणार नाही. पण घाबरण्याचा क्रम लावायचा तर लिपस्टिक वर येत नाही. बर्कलीच्या अभ्यासात तर काही उत्पादनांतल्या क्रोमियमची काळजी शिशाहून जास्त होती. फुटपाथवरच्या, उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक नसलेल्या नकली मालाला हे कुठलेच आकडे लागू होत नाहीत.

त्या क्रमात वर येतो सिंदूर. न्यू जर्सीतली दुकानं आणि भारतातले बाजार इथून घेतलेल्या 118 नमुन्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांत शिसं होतं, आणि तीन नमुन्यांत ग्रॅममागे 10 हजार मायक्रोग्रॅमपेक्षाही जास्त. हळकुंडांपासून केलेल्या कुंकवाची गोष्ट वेगळी. पण शेंदरी झाक आणणारा स्वस्त शेंदूर हा मुळात शिशाचाच ऑक्साइड. त्या तीन नमुन्यांसारख्या सिंदुराचा एक मिलिग्रॅम, म्हणजे बोटाला चिकटलेला कण, बाळाच्या तोंडात गेला तरी 10 मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं.