आरशाचा कॅमेरा की बिनआरशाचा?

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत एक नवा विषय निघाला. बारसं, डोहाळजेवण, हळद अशा कार्यांत फोटो काढणारी बाईच असली की बायका मोकळ्या वावरतात. मग हे काम आपल्याच मुलींनी का करू नये? खात्यात थोडी बचत होती, बाकीचं कर्ज काढायचं ठरलं. पण कॅमेरा घ्यायला गेलो, तर एक दुकानदार म्हणाला डीएसएलआर घ्या, दुसरा म्हणाला मिररलेस घ्या. आम्ही हात हलवत परत आलो आणि आधी दोन्ही समजून घेतले. तेच आज सांगतो.

डीएसएलआरच्या पोटात एक छोटा आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर आपटून वर जातो आणि डोळा लावायच्या खिडकीत आपल्याला समोरचं खरं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि मागच्या सेन्सरवर फोटो उमटतो. ‘खटॅक’ आवाज येतो तो त्यामुळंच. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. त्यात उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि खिडकीत बारीकसा टीव्ही असतो. फोटो काळा येणार की पांढराफटक, ते बटण दाबण्याआधीच त्यात दिसतं. नव्या शिकणारीला याचा मोठा आधार होतो.

आता कामाप्रमाणे बघू. लग्नात हल्ली फोटोबरोबर व्हिडिओही मागतात. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ घेताना आरसा वरच राहतो, म्हणून खिडकीत अंधार होतो आणि मागच्या पडद्यावर बघूनच काम करावं लागतं. दुपारच्या उन्हात तो पडदा नीट दिसत नाही. मिररलेसमध्ये ही अडचण नाही. नवे मिररलेस माणसाचा डोळा आपोआप शोधून त्यावर फोकस धरतात. कीर्तनात किंवा मंगलाष्टकं चालू असताना आवाज न करता फोटो घेता येतो. मात्र मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली या बिनआवाजाच्या पद्धतीनं फोटोवर कधी कधी आडवे पट्टे येतात. म्हणून आधी एक फोटो काढून बघावा.

बॅटरीत डीएसएलआर पुढे आहे. साध्या डीएसएलआरची एक बॅटरी हजाराच्या आसपास फोटो काढते. लहान मिररलेसची तीनशे-चारशेला दमते, कारण त्याचा टीव्ही सतत चालू असतो. लोडशेडिंगच्या गावात मिररलेस घ्यायचा तर जास्तीच्या दोन बॅटऱ्यांचे पैसे आधीच धरा.

इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला लांबून लोक येतात. होडीतून पक्ष्यांचे फोटो काढून विकायचा विचार असेल, तर एक लक्षात ठेवा. तिथं कॅमेऱ्यापेक्षा लांबची लेन्स महाग पडते. बेलवाडीच्या रिंगणात धावणारा घोडा टिपायलाही तशीच लेन्स लागते. सुरुवात घरगुती कार्यांपासून केलेली बरी.

लेन्सचं गणित ठिबकच्या जोडासारखं आहे. एका मापाचा जोड दुसऱ्या मापाच्या नळीला बसत नाही, तशी एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही. कॅनन आणि निकॉन यांनी 2018 साली मिररलेससाठी नवे जोड आणले आणि आता त्यांचं नवं काम बहुतेक त्यातच चालतं. डीएसएलआरच्या बऱ्याच लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेसवर अडॅप्टर लावून चालतात. उलटं मात्र होत नाही. म्हणजे आज घेतलेली चांगली लेन्स उद्याही उपयोगी पडू शकते.

लोक मिररलेसकडे वळल्यानं जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. पण जुना ट्रॅक्टर घेताना आपण तासांचा मीटर बघतो ना? तसं कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढले, तो शटरचा आकडा विचारा. लाखाच्या पुढं गेला असेल, तर जपून. लेन्समध्ये बुरशीचं जाळं आहे का, ते उजेडात धरून बघा. फोटो काढा, व्हिडिओ घ्या, पावती घ्या आणि मगच पैसे द्या.

आम्ही काय केलं? हप्ता बारा महिने भरायचा असतो, लग्नसराई मात्र काही महिन्यांचीच. म्हणून आम्ही कर्ज कमी काढलं, जुना डीएसएलआर घेतला आणि उरलेल्या पैशांत एक चांगली लेन्स, फ्लॅश, जादा बॅटरी आणि दोन कार्डं घेतली. मुलींचा हात त्यावर बसला. तुमच्याकडे व्हिडिओची कामं आधीच येत असतील आणि हप्ता झेपत असेल, तर मिररलेस घ्या. पण निव्वळ नवा आहे म्हणून घेऊ नका.

आणखी एक. आपल्याकडं धूळ फार. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, वाऱ्याकडं पाठ करा. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सर बहुधा उघडाच असतो, त्याला जास्त जपावं लागतं.

पुढच्या बैठकीत वहीत तीन रकाने पाडा: काम कोणतं मिळणार, हप्ता किती झेपणार, बिघडला तर दुरुस्ती कुठं होणार. तिन्ही भरले की कॅमेरा आपोआप ठरेल. भेटू पुढच्या भागात.