हिमालयातील हिवाळा

वैशाखातल्या उकाड्यात, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे बर्फाची गोष्ट सांगायची ह्यात थोडा खोडसाळपणा आहे, हे मी प्रथमच कबूल करतो. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की हा गृहस्थ बोनसवर नाहीतर किमान वेतनावर बोलेल. मी ‘हिमालयातील हिवाळा’ म्हणालो, तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावरचे. हवामानशास्त्राचा मी पंडित नव्हे. परंतु उमेदीची पंधरा वर्षे बॉयलरपाशी काढल्यामुळे पाणी, वाफ आणि उष्णता ह्या तिघांचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि पर्वतातल्या हिवाळ्याची सारी कथा ह्या तिघांचीच आहे. माझ्या नेहमीच्या कामाशीही तिचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

आधी हे पाहू की हा बर्फ येतो कोठून. पाऊस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नैर्ऋत्येचे वारे आणि मृगाचे ढग उभे राहतात. काश्मीर, लाहौल, गढवाल ह्या मुलखांत डिसेंबर ते मार्च जो बर्फ पडतो त्याची वाट अगदी निराळी आहे. तो पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्र ह्यांच्या परिसरात हवेचे जे भोवरे उठतात, ते इराण, अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकतात आणि वाटेत अरबी समुद्रावरचे बाष्पही ओढून घेतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्यांना वाहून आणणारा एक वेगवान वारा सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून वाहत असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. उन्हाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला असतो. हिवाळ्यात दक्षिणेला उतरतो आणि हे भोवरे पर्वताच्या अंगावर आणून घालतो. भर हिवाळ्यात असे महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. त्यांतले काही नुसते ढग दाखवून जातात, तर एखादा असा येतो की दोन दिवसांत माणसाच्या कमरेइतका बर्फ साचतो.

सगळ्या पर्वतावर मात्र सारखा बर्फ पडत नाही. हवा उंच चढली की दर हजार मीटरला सुमारे सहा अंशांनी थंड होते, आणि थंड हवेला बाष्प पेलवत नाही. म्हणून ढग पहिल्या मोठ्या भिंतीलाच आपले ओझे टाकतात. काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेची पीर पंजाल ही अशी भिंत होय. गुलमर्ग तिच्याच अंगावर आहे. येथला बर्फ पुष्कळ, पण ओलसर आणि जड असतो. पलीकडे हिमालयाची मुख्य रांग. तेथे बर्फ बेताचा, थंडी अधिक. झोजी ला ही ३,५२८ मीटर उंचीची खिंड ओलांडून लडाखात उतरले की ढग जवळजवळ रिकामे झालेले असतात. लेह येथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडते. आपल्या सोलापूरला आपण कोरडे म्हणतो, त्याच्या हे सहावा हिस्साही नाही! तेथला बर्फ थोडा, कोरडा आणि पिठासारखा भुसभुशीत. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे माणसाच्या जिवाशी त्याची गाठ पडते.

बर्फ पडत असताना थंडी सर्वांत अधिक असते असा आपला समज असतो. तसे नाही. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. ती असेपर्यंत ऊब टिकते. वादळ पुढे गेले, आकाश निवळले, चांदणे पडले की पांढऱ्या जमिनीतली उष्णता थेट आकाशात निघून जाते आणि थंड, जड हवा उतारावरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साचते. द्रास हे गाव अशाच तळाशी आहे. उणे वीस अंशांच्या खाली जाणारी रात्र तेथे नवलाची नाही. काश्मिरी लोकांनी ह्या थंडीचे पंचांगच करून ठेवले आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लै कलान’, म्हणजे मोठी थंडी. नंतर वीस दिवस धाकटी. आणि शेवटचे दहा दिवस तिच्या बाळाचे. त्या दिवसांत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरूनच माणसे वावरतात. विक्षोभ निघून गेल्यावर त्याच्या मागून जे कोरडे गार वारे सुटतात त्यांचे शेपूट आपल्यापर्यंत पोचते; निफाडचा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो तो ह्याच पाहुण्यामुळे.

आता मी बॉयलरवाल्याच्या हक्काने बोलतो. साचलेला बर्फ हा स्वस्थ पडून राहिलेला पदार्थ आहे असे वरून दिसते. त्याच्या पोटात मात्र सतत घडामोड चालू असते. बर्फाचे पांघरूण असल्यामुळे खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग रात्री उणे वीसवर जातो. तळाशी ऊब आणि माथ्यावर गारठा असला म्हणजे वाफ वर चढणारच. येथे तर बर्फ पाणी न होताच त्याची वाफ होते, आणि ती वरच्या थंड कणांवर पुन्हा गोठते. असे पंधरा-वीस रात्री चालले की तळचा घट्ट बर्फ मोडून त्याचे सुटे, कंगोरेदार दाणे होतात. मुठीत धरले तर जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. एकमेकांना धरून ठेवण्याची शक्ती त्यांत उरत नाही. बर्फ जितका थोडा आणि थंडी जितकी कडक, तितकी ही साखर लवकर तयार होते. म्हणजे कमी बर्फाचा हिवाळा सुरक्षित, हा हिशेब चुकीचा आहे.

अशा सुट्या दाण्यांवर फेब्रुवारीत एखादा दांडगा विक्षोभ येऊन मीटरभर नवा बर्फ टाकतो. ताज्या बर्फाचे वजन पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके असते. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद उतारावर मीटरभर ताजा बर्फ म्हणजे हजार टन झाले! वारा तो दाबून त्याची सलग लादी करतो आणि ही लादी साखरेवर उभी राहते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर धोका सर्वांत मोठा. आपल्या घरातल्या जिन्याचा चढ साधारण ३०-३५ अंशांचा असतो, ह्यावरून कल्पना यावी. फार सपाट उतारावरून बर्फ घसरत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो टिकत नाही. एखाद्या ठिकाणी साखरेचा थर दबतो, ती फूट क्षणात उतारभर धावते आणि लादी सुटते. हाच हिमलोट. कोरड्या बर्फाचा लोट ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. आणि थांबला की आतला बर्फ इतका घट्ट बसतो की गाडलेल्या माणसाला बोट हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे वाचतात. अर्धा-पाऊण तास लोटला की तिघांतला एखादा.

ह्याचा अर्थ असा की हिमलोट लहरीने येत नाही. बरेचसे लोट बर्फ पडत असताना किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सुटतात, आणि वर्षानुवर्षे त्याच त्याच घळींतून उतरतात. त्या घळींचे नकाशे करता येतात. हे काम करणारी एक सरकारी संस्था १९६९ साली मनालीस निघाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत मिळवून चंडीगढच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेचा भाग झाली. इशारे आज तेथून निघतात.

आणि आता माझा संबंध. बर्फाने बुजलेले रस्ते मोकळे कोण करते? १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली, तेव्हापासून ह्या रस्त्यांवर यंत्रांबरोबर मजूरही राबत आले. त्यांतले कितीतरी झारखंडच्या दुमका भागातले, ज्यांच्या गावी बर्फ कधी पडत नाही. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी मनालीच्या वर गेलो होतो, तेव्हा अशा एका संथाळ मजुराशी चहाच्या टपरीवर बोलणे झाले. मी पुस्तकातले सांगू लागलो, तो हसला. म्हणाला, “दादा, उन्हाच्या अंगाचा नाला दुपारनंतर ओलांडायचा नाही. आणि पायाखाली धप्प असा आवाज होऊन बर्फ खाली बसला, तर आल्या पावली मागे फिरायचे.” तो धप्प आवाज म्हणजे साखरेचा थर दबल्याचा आवाज. मला हे समजायला तीन पुस्तके लागली होती.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे, बद्रीनाथच्या वर माणा गावापाशी ५४ मजुरांच्या तळावर हिमलोट कोसळला. ते सीमा सडक संघटनेच्या कामावर ठेकेदाराने आणलेले होते आणि पत्र्याच्या कंटेनरांत झोपलेले होते. उंची सुमारे ३,२०० मीटर. ४६ जण वाचले, ८ गेले. कंटेनरच्या पत्र्याने आत थोडी हवा राखली म्हणून कित्येकांचा जीव तगला, आणि लष्कराच्या जवानांनी तीन दिवस बर्फ उपसला. त्या शोधाला माझा मनापासून नमस्कार आहे. परंतु ह्या घटनेतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बद्रीनाथाचे देऊळ नोव्हेंबरात बंद होते आणि हिवाळ्यातली पूजा खाली जोशीमठ-पांडुकेश्वर येथे होते. माणा गावचे लोकही हिवाळ्यासाठी खालच्या गावांत उतरतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने देवाला आणि गावाला जेथून हलवले, तेथे पहाटे मजूर झोपलेला होता.

आदल्या दिवशी, २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, चंडीगढच्या त्याच संस्थेने चमोलीसह उत्तराखंडातल्या उंच भागांसाठी हिमलोटाचा इशारा काढलेला होता. शास्त्राने आपले काम केले होते. इशारा निघणे आणि तो माणसाच्या कानापर्यंत पोचणे ह्यांत जे अंतर आहे, ते मात्र शास्त्राचे नव्हे.

कोणी म्हणतील, सीमेचा रस्ता बंद कसा ठेवायचा? तो चालू राहिलाच पाहिजे, हे मीही म्हणतो. बोगदे हा त्याचा एक मार्ग आहे. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी पुष्कळ सुटली. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये झाला. बोगदा नसेल तेथे तळाची जागा बर्फ पडण्यापूर्वी नकाशावर तपासून ठरवणे, इशाऱ्याच्या रात्री माणसे खाली आणणे आणि त्या दिवसाची मजुरी न कापणे, प्रत्येकाच्या अंगावर गाडला गेल्यास ठिकाण सांगणारे छोटे यंत्र देणे ह्यांत अशक्य असे काहीच नाही. गिर्यारोहणाची हौस असलेला माणूस ते यंत्र विकत घेऊन जातो.

हे सारे करण्याची निकड वाढतेही आहे. हिवाळ्याचे जुने वेळापत्रक ढळू लागले आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते आणि बर्फ आला तो महिनाअखेरीस. आधी कोरडी थंडी आणि मग एकदम मोठे ओझे, ही साखरेच्या थराला हवी तशीच परिस्थिती.

मनालीच्या त्या मजुराला निघताना मी विचारले होते की बर्फाचा इशारा तुम्हांला कोण सांगतो. त्याने चहाचा पेला पालथा ठेवला आणि म्हणाला, “मुकादम सांगतो कामावर चला, तेव्हा आम्ही चलतो. तो सांगतो झोपा, तेव्हा झोपतो. इशारा म्हणून वेगळे कोणी काही सांगत नाही, दादा.”